बामियानला गेलेल्या जुन्या स्की

युरोप-अमेरिकेतल्या बर्फाळ पर्यटनकेंद्रांवर स्की भाड्याने देणारे दुकानदार दर काही हंगामांनी आपले साहित्य बदलतात. काढून टाकलेल्या साहित्यातले पुष्कळसे मोडलेले नसते. स्कीची पोलादी कड थोडी झिजलेली असते, तळाच्या प्लास्टिकवर दगडांचे ओरखडे उठलेले असतात, इतकेच. ते अडगळीत जाते ते वेगळ्याच कारणाने. बूट आणि स्की यांना जोडणाऱ्या यांत्रिक पकडीला बाइंडिंग म्हणतात. स्कीपटू पडला आणि पायाला वेडावाकडा पीळ बसू लागला, तर एका ठरावीक जोराला बाइंडिंगने बूट सोडून द्यायचा असतो. नाहीतर नडगीचे हाड किंवा गुडघ्याचे स्नायुबंध जातात. आपल्या कोणत्या बाइंडिंगची हमी घ्यायची याची यादी कंपन्या ठेवतात. एखादे जुने मॉडेल त्या यादीतून निघाले की अमेरिकेतले दुकानदार त्याच्या तपासणीला हात लावत नाहीत, कारण उद्या अपघात झाला तर दावा त्यांच्यावर येतो. चालू स्थितीतल्या कितीतरी जोड्या अशा रीतीने घराघरांत नुसत्या पडून राहतात.

जगात असेही डोंगराळ प्रदेश आहेत, जिथे बर्फ उत्तम पडतो आणि हिवाळ्यात हाताला काम नसते, पण युद्धामुळे किंवा दीर्घ हिंसाचारामुळे पर्यटक येत नाही आणि साहित्य विकत घेण्याची स्थानिकांची ऐपत नसते. युरोप-अमेरिकेतली अडगळ तिकडे द्यावी आणि तिच्या आधाराने हिवाळी पर्यटन उभे करावे, ही कल्पना त्यातूनच पुढे आली. तिचा सर्वांत बोलका प्रयोग अफगाणिस्तानात बामियानला झाला.

बामियानचे नाव महाराष्ट्रात माहीत आहे ते तिथल्या बुद्धमूर्तींमुळे. लाल कड्यात कोरलेल्या ५५ आणि ३८ मीटर उंचीच्या त्या दोन मूर्ती तालिबानने मार्च २००१ मध्ये सुरुंग लावून उडवल्या. त्या कड्याकडे पाठ करून दक्षिणेला पाहिले की समोर कोह-इ-बाबाची रांग उभी असते. खोरेच सुमारे २,५०० मीटर उंचीवर आहे आणि रांगेतली उंच शिखरे ५,००० मीटरच्या आसपास जातात. वस्ती मुख्यतः हजारा समाजाची आहे. हा समाज बहुतांशी शिया असल्यामुळे तालिबानच्या पहिल्या राजवटीत त्याच्या वाट्याला भीषण हाल आले. जानेवारी २००१ मध्ये याच प्रांतातल्या यकावलंग भागात हजारांची सामूहिक हत्या झाली होती. मुख्य पीक बटाटा. बटाटा काढून झाला की बर्फ पडेपर्यंत जी काय मजुरी मिळेल तेवढीच. त्यानंतर वसंतापर्यंत खोरे जवळजवळ बंद असते.

२००१ नंतर मात्र देशात इतरत्र लढाई पुन्हा पेटत असताना हा प्रांत बराचसा शांत राहिला. २००५ मध्ये हबीबा सराबी इथल्या राज्यपाल झाल्या; अफगाणिस्तानच्या इतिहासात एखाद्या प्रांताचा कारभार प्रथमच एका स्त्रीकडे आला. २००३ मध्ये बामियान खोऱ्याचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला होता. २००९ मध्ये जवळच्या बंद-इ-अमीर सरोवरांना देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून मान्यता मिळाली. आगा खान फाउंडेशनने न्यूझीलंड सरकारच्या मदतीने पर्यटनाचा कार्यक्रम हाती घेतला होता, पण तो उन्हाळ्यापुरता होता. हिवाळ्याचे काय, या प्रश्नाला स्कीइंग हे उत्तर पुढे आले. फाउंडेशनने लॉरी अॅशले आणि चॅड डिअर या दोन अमेरिकी स्कीपटूंना बोलावले. त्यांनी कोह-इ-बाबाचे उतार पायाखाली घालून एक मार्गदर्शक पुस्तक तयार केले आणि स्थानिक तरुणांना गाइड म्हणून शिकवायला सुरुवात केली.

या तरुणांपैकी बहुतेकांनी त्याआधी खरी स्की पाहिलीही नव्हती. गावातली मुले लाकडी फळ्या तासून, त्यांना दोरीने पाय बांधून उतारावरून घसरत, एवढाच काय तो सराव. मग संस्थांनी दिलेले आणि परदेशी पाहुण्यांनी जाताना मागे ठेवलेले असे जुने साहित्य येऊ लागले. २०११ मध्ये स्विस पत्रकार क्रिस्टोफ झ्युर्शर यांच्या पुढाकाराने बामियान स्की क्लब उभा राहिला आणि ‘अफगाण स्की चॅलेंज’ ही शर्यत सुरू झाली. सगळ्यांनी एकदम निघायचे, डोंगर चढायचा आणि उतरायचा; जो आधी पोहोचेल तो जिंकला. नियम मोजकेच होते आणि त्यांतला एक म्हणजे सोबत शस्त्र बाळगायचे नाही. पुढच्या वर्षांत मुलीही उतरल्या. शाळेतून घरी जाऊन डोक्यावर रुमाल घट्ट बांधून डोंगरावर येणाऱ्या या मुलींनी बामियानचे नाव जगभर जेवढे नेले, तेवढे कोणत्याही जाहिरातीने नेले नसते. अलीशाह फरहंग आणि सज्जाद हुसैनी हे या खोऱ्यातले दोघे तर थेट स्वित्झर्लंडमध्ये सेंट मोरित्झला प्रशिक्षणासाठी गेले. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकची पात्रता त्यांना मिळाली नाही. पण ज्यांनी विशीच्या आसपास पहिल्यांदा स्की पायाला लावली, त्यांनी ऑलिम्पिकच्या दारापर्यंत मजल मारावी, हेच विलक्षण आहे.

बामियानचा अनुभव एका बाबतीत फार शिकवून जातो. कोणतीही जुनी स्की कुठेही चालत नाही. युरोपातले बहुतेक पर्यटक लिफ्टने वर जातात आणि फक्त खाली घसरतात. त्यांच्या बाइंडिंगमध्ये टाच पक्की जखडलेली असते. कोह-इ-बाबाला लिफ्ट नाही. तिथे वर जायचे तर स्कीसकट चालत, म्हणून चढताना टाच उचलू देणारे आणि उतरताना ती अडकवणारे बाइंडिंग लागते. शिवाय स्कीच्या तळाला चिकटवायच्या केसाळ पट्ट्या लागतात. त्यांचे केस पुढे सरकू देतात आणि मागे घसरू देत नाहीत. या पट्ट्यांचा गोंद काही वर्षांत सुकतो, आणि गोंद सुकला की अर्ध्या चढावर पट्टी निघून हातात येते. दात्याने प्रेमाने पाठवलेल्या पण फक्त लिफ्टच्या उतारांसाठी बनलेल्या जोडीचा बामियानमध्ये फारसा उपयोग नाही. ती खांद्यावर मारून डोंगर चढावा लागतो.

बुटांचे तर त्याहून नाजूक आहे. लिफ्टच्या उतारांवर वापरायच्या बुटाचा तळ सपाट आणि कडक असतो, तर डोंगर चढण्याच्या बुटाचा तळ रबरी आणि पुढून किंचित वळलेला. दोन्ही बूट वरकरणी सारखे दिसतात, आणि जोर लावला तर पहिल्या प्रकारच्या काही बाइंडिंगमध्ये दुसऱ्या प्रकारचा बूट बसतोही. पण तो वेळेवर सुटेल याचा भरवसा उरत नाही. बाइंडिंगचा स्क्रू किती फिरवायचा हे माणसाचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून ठरवतात. ७० किलोच्या माणसाने वापरलेली जोडी ४५ किलोच्या मुलीला तशीच दिली, तर ती पडल्यावर बूट वेळेवर न सुटता पाय मोडू शकतो. बूट जुना असेल तर आणखी एक धोका असतो. त्याचे प्लास्टिक वर्षानुवर्षांत आतून कमकुवत होते, फारसे न वापरताही. बाहेरून चकचकीत दिसणारा बूट कडाक्याच्या थंडीत एकाएकी तडकतो. जिथून धड रुग्णालय गाठायलाही बर्फाने अडलेले घाट ओलांडावे लागतात, तिथे अशी चूक परवडत नाही. म्हणून अमेरिकेतल्या दुकानदाराने नाकारलेले साहित्य गरिबाला चालेल असे मानणे गैर आहे. ते चालते, पण तपासून, जुळवून आणि स्क्रू नेमका बसवायला शिकलेला माणूस तिथे असेल तरच. साहित्याच्या खोक्यापेक्षा त्या एका माणसाच्या प्रशिक्षणाला जास्त किंमत आहे.

हिमस्खलनाचे साहित्य हा दानाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. उतारावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवणारा छोटा ट्रान्सीव्हर हवा, पाठीवर फावडे आणि बर्फ चाचपायची जोडणीची लांब सळई हवी. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सापडला तर वाचण्याची शक्यता मोठी असते. त्यानंतर ती झपाट्याने घसरते. बाहेरून मदत यायला तासन्तास लागतात अशा ठिकाणी शोधणारे हात सोबत्यांचेच असतात. दाते रंगीत जॅकेट आनंदाने देतात, कारण ते फोटोत दिसते. चालू स्थितीतला ट्रान्सीव्हर देणारे थोडे. खरे तर दहा जॅकेटांऐवजी असे दोन ट्रान्सीव्हर मिळाले तर गाइडचा धंदा उभा राहतो, कारण जाणता परदेशी पाहुणा आधी तेच विचारतो.

एवढे सगळे जमूनही पर्यटक आला पाहिजे, आणि तिथे दानाची मर्यादा येते. काबूलहून बामियानला जाणारे दोन्ही रस्ते असुरक्षित होते, त्यामुळे परदेशी पाहुणे बहुधा विमानाने येत. त्यांची सरकारे अफगाणिस्तानला जाऊ नका असे सांगत होती, आणि सरकारने असा इशारा दिला की प्रवासविमा सहसा लागू होत नाही. आलेले बहुतेक काबूलमध्ये काम करणारे परदेशीच होते. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परत आले. स्त्रियांच्या खेळांवर बंदी आली आणि स्कीइंग शिकलेल्या कितीतरी तरुण-तरुणींना देश सोडावा लागला. २०२३ मध्ये स्त्रियांना बंद-इ-अमीरला जाण्याचीही मनाई झाली. मे २०२४ मध्ये बामियानच्या बाजारात झालेल्या गोळीबारात तीन स्पॅनिश पर्यटक आणि त्यांच्यासोबतचे काही अफगाण मारले गेले. ज्या मुलींसाठी लहान मापाचे बूट शोधून पाठवले गेले होते, त्या मुलींना आज डोंगराचे दार बंद आहे. या अन्यायावर साहित्याचा कितीही मोठा ढीग हा उपाय नव्हे.

हिंसाचाराने स्कीची केंद्रे मोडल्याची उदाहरणे इतरत्रही आहेत. पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यात मालम जब्बा हे केंद्र ऑस्ट्रियाच्या मदतीने उभे राहिले होते; २००८ मध्ये पाकिस्तानी तालिबानने तिथले हॉटेल जाळले. ते पुन्हा सुरू व्हायला अनेक वर्षे गेली. १९८४ च्या साराजेव्हो ऑलिम्पिकचे बिएलाश्नित्सा हा डोंगर बोस्नियाच्या युद्धात रणभूमी झाला आणि युद्ध संपल्यावरही तिथे आखलेल्या उतारांबाहेर जाऊ नका असे सांगावे लागे, कारण बाहेर सुरुंग पेरलेले होते.

काश्मीरमधल्या गुलमर्गची गोष्ट मात्र वेगळी आणि अधिक आशेची आहे. महाराष्ट्रातल्या पुष्कळ पर्यटकांच्या पायाला स्की प्रथम लागते ती इथेच. तासाभरासाठी भाड्याने घेतलेले जड बूट, हात धरून चालवणारा तनमर्गकडचा एखादा मुलगा आणि पन्नास पावलांचा उतार, हा अनुभव अनेक मराठी घरांच्या अल्बममध्ये आहे. इथे स्कीइंग इंग्रजांच्या काळापासून आहे. स्की क्लब ऑफ इंडिया १९२७ चा. १९८९ नंतरच्या हिंसाचाराने पर्यटन जवळजवळ थांबले. १९९८ मध्ये गंडोलाचा, म्हणजे दोरीवरून धावणाऱ्या पाळण्यांचा, पहिला टप्पा झाला. २००५ मध्ये दुसऱ्या टप्प्याने अफरवत डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळपास ३,९५० मीटरवर माणूस नेऊन सोडला, आणि भुसभुशीत खोल बर्फाच्या शोधात परदेशी स्कीपटू येऊ लागले. ते स्वतःच्या रुंद स्की घेऊन येत आणि जाताना काही जण त्या इथेच विकून किंवा देऊन जात. गाइड मुलांच्या पायांत आधी त्याच आल्या. कुणी कार्यक्रम आखला नव्हता. तरीही हे हस्तांतरण बामियानपेक्षा टिकाऊ ठरले, कारण इथे दुरुस्ती करणारी, भाड्याने देणारी, जुने विकत घेणारी दुकाने आधीपासून होती. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकला भारतातून एकटाच गेलेला आरिफ खान अशाच एका दुकानदाराचा मुलगा. वडिलांच्या दुकानामुळे तो चौथ्या वर्षीच बर्फावर उभा राहिला.

दुकाने आधीपासून असली की फुकटच्या दानाचा एक तोटाही दिसतो. पन्नास जोड्या मोफत वाटल्या, तर जो माणूस पाच जोड्या भाड्याने देऊन घर चालवतो त्याचा हंगाम बुडतो. त्यापेक्षा साहित्य क्लबच्या किंवा गाइडांच्या सहकारी गटाच्या मालकीचे ठेवावे, मुलांना शिकण्यापुरते मोफत द्यावे, पर्यटकाला रास्त भाडे लावावे आणि त्या भाड्यातून दुरुस्ती व्हावी. पण काश्मीरमध्येही ही सगळी मांडणी एका दिवसात कोसळू शकते. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यात २६ जण मारले गेले, त्यांत सहा जण महाराष्ट्रातले होते. त्यानंतर खोऱ्यातली अनेक पर्यटनस्थळे बंद झाली. गाइड, घोडेवाले, स्लेजवाले हातावर हात ठेवून बसले. असा बंद काळ सोसायला गटाकडे थोडी गंगाजळी हवी, आणि ती भाड्यातूनच उभी राहते.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे मुलांनी दोन हंगाम वापरून लहान झालेले साहित्य हमखास असते. ते द्यायचे तर आधी घेणाऱ्याला विचारून मापे घ्यावीत. मुलांच्या आणि स्त्रियांच्या लहान मापांची मागणी असते आणि पुरवठा नेमका तिथेच कमी. बूट व बाइंडिंग एकत्र, एकमेकांत बसवून पाहिलेले असावे. बुटाचे वय लिहून चिठ्ठी लावावी आणि दहा वर्षांहून जुना बूट पाठवूच नये. सोबत कड घासायची कानस, मेण, जादा स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर द्यावा, कारण डोंगरातल्या गावात या वस्तू मिळत नाहीत. अवजड खोक्याचे विमानभाडे आणि सीमाशुल्क कधी साहित्याच्या किमतीहून जास्त होते. तसे होणार असेल तर ते साहित्य राहत्या देशातच विकून पैसे एखाद्या गाइडच्या हिमस्खलन-प्रशिक्षणासाठी पाठवावेत.