नळदुर्ग परत आणणारा दिवाण

२१ मे १८५३ रोजी हैदराबादच्या निजामाने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला आणि नळदुर्गचा जिल्हा, रायचूर दोआब आणि अख्खे वऱ्हाड तिच्या हवाली केले. कारण एकच, कर्ज. कंटिंजंट नावाची फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत होती, तिचा पगार मात्र निजामाच्या तिजोरीतून जायचा. तो थकत गेला, देणे पन्नास लाखांच्या घरात पोचले आणि फेडीसाठी कंपनीने मुलूखच लिहून घेतला. तहाच्या वेळचे दिवाण सिराज-उल-मुल्क काही दिवसांतच वारले. महिना संपायच्या आत त्यांचे पुतणे मीर तुराब अली खान दिवाणगिरीवर आले. इतिहास त्यांना पहिले सालारजंग म्हणून ओळखतो. वय चोवीस.

लोहारा, उमरगा, तुळजापूर या आमच्या भागात सालारजंग म्हटले की हैदराबादचे म्युझियम आठवते. तो संग्रह मुख्यतः त्यांच्या नातवाचा. आजोबांची खरी कमाई आमच्या मातीतल्या महसूल व्यवस्थेत आहे, आणि तिच्याबद्दल आपण फारच कमी बोलतो.

त्यांच्या हाती आलेले राज्य कागदोपत्री अजून मोगल साम्राज्याचा एक सुभा होते. निजामाच्या टांकसाळीतून निघणाऱ्या रुपयावर दिल्लीच्या बादशहाचे नाव उमटत असे. बादशहा स्वतः इंग्रजांचा पेन्शनर होता आणि निजाम इंग्रजांचा कर्जदार. इकडे जिल्ह्याजिल्ह्यांतला वसूल मक्त्याने दिलेला. अरब जमादार आणि सावकार यांच्याकडे मोठमोठे तालुके गहाण पडलेले. मक्तेदाराने ठरलेली रक्कम भरली की रयतेकडून त्याने किती ओरबाडले, हे विचारणारे कोणी नव्हते.

सालारजंगांनी सुरुवात इथूनच केली. गहाण तालुके एकेक करून सोडवले, मक्ते मोडले आणि वसुलीवर पगारी अधिकारी नेमायला घेतले. दरबारात याने किती शत्रू झाले असतील, याची कल्पना करता येते. ज्यांचे उत्पन्न बुडाले तेच लोक निजामाच्या कानाशी बसलेले होते.

मग १८५७ चा उठाव आला. त्याच मे महिन्यात निजाम नासिर-उद-दौला वारले आणि अफझल-उद-दौला गादीवर आले. १७ जुलैला तुर्रेबाझ खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्यासोबत रोहिल्यांचा जमाव इंग्रज रेसिडेन्सीवर चालून गेला. दिवाणांनी रेसिडेंट डेव्हिडसनला आधीच सावध केले होते. हल्ला फसला, तुर्रेबाझ खान पुढे मारले गेले, मौलवींना अंदमानला धाडले गेले. या दोघांना आज स्वातंत्र्यसैनिकांचा मान मिळतो आणि तो योग्यच आहे. सालारजंगांचा निर्णय मात्र मला गद्दारी वाटत नाही. झाशी, सातारा, नागपूर, अवध या संस्थानांचे काय झाले ते त्यांना दिसत होते. राज्य टिकवायचे ही त्यांची एकमेव प्रतिज्ञा होती आणि तिची किंमत त्यांनी डोळे उघडे ठेवून मोजली. हैदराबादकरांचा राग त्यांना भोवलाही. मार्च १८५९ मध्ये दरबार आटोपून डेव्हिडसनबरोबर बाहेर पडत असताना एकाने त्यांच्या दिशेने गोळी झाडली. ती चुकली, तेव्हा तो तलवार उपसून धावला आणि तिथेच कापला गेला.

उठाव मोडल्यावर दिल्लीचे बादशहा रंगूनला हद्दपार झाले आणि रुपयावरचे त्यांचे नावही गेले. त्या जागी आसफजाह हे नाव आले. १८६० च्या तहात इंग्रजांना साथ दिल्याची बक्षिसी मिळाली: कर्ज माफ, शोरापूर संस्थान निजामाला, आणि नळदुर्ग व रायचूर दोआब परत. सात वर्षे इंग्रज अंमलात राहिलेला आमचा जिल्हा असा हैदराबादला परतला. त्यातली पहिली काही वर्षे कादंबरीकार मेडोज टेलर यांनी इथला कारभार पाहिला होता, त्यामुळे रयतेला तुलना करायला एक ताजा अनुभव होता. सालारजंगांना या तुलनेत उतरावे लागले.

१८६५ ची जिलाबंदी हे त्याचे उत्तर. जिल्हे पाडले गेले, प्रत्येकावर अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली तहसीलदार, आणि वसूल रोखीने. न्याय, पोलीस, शिक्षण, टपाल यांची स्वतंत्र खाती झाली. गावात कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत, वरच्या कचेरीत सगळे फारसीत. मराठी शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचा निकाल वाचून घ्यायला मध्यस्थ लागत असे. ही उणीव दिवाणांनी दूर केली नाही, आणि त्यांच्यानंतर फारसीची जागा उर्दूने घेतली तेव्हाही ती तशीच राहिली.

वऱ्हाडासाठी ते शेवटपर्यंत झगडले. १८७६ मध्ये इंग्लंडला गेले. वाटेत पॅरिसच्या हॉटेलात पडून पाय मोडला, तरी लंडन गाठले. ऑक्सफर्डने पदवी दिली, लंडन शहराने सन्मान केला. वऱ्हाड कोणी दिले नाही. उलट मागणी रेटल्याचा इंग्रज सरकारला इतका राग, की अल्पवयीन निजाम महबूब अली खानांच्या कारभारात सालारजंगांच्या मनाविरुद्ध विकार-उल-उमरा सहकारी म्हणून लादले गेले. ८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीने सालारजंग गेले, चौपन्नाव्या वर्षी. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वऱ्हाडचा कायमचा पट्टा लिहून घेतला.

सहकारी म्हणून लादलेले विकार-उल-उमरा हे पायगा या बड्या सरदार घराण्यातले, आणि आमचा लोहारा याच पायगा जहागिरीतला. जिलाबंदी खालसा, म्हणजे थेट सरकारी, मुलखाला लागू झाली; पायगा, जहागिरी आणि निजामाचे खासगी सर्फ-ए-खास यांच्या वेशीवर ती थांबली. राज्याचा फार मोठा हिस्सा असा बाहेर राहिला. शेजारच्या खालसा गावातला शेतकरी तालुकदाराकडे दाद मागू शकत होता, जहागिरीतल्याला जहागिरदाराच्या नायबाचे तोंड पाहावे लागे. सरदारांना दुखवून निजामाची गादी टिकणार नाही, असा दिवाणांचा हिशेब होता. तो त्यांच्या काळापुरता बरोबर ठरला, म्हणूनच मला तो अधिक बोचतो: ज्यांना सुधारणेची सर्वांत जास्त गरज होती, त्यांना सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई आणि १९४९ चे जहागिरी निर्मूलन येईपर्यंत थांबावे लागले.