चौकातली मोजणी

महापालिकेच्या वाहतूक नियोजनाची सुरुवात होते चौकातल्या मोजणीपासून. कोणती वाहने किती आली, कुठे वळली, हे दर पंधरा मिनिटांनी नोंदले जाते. मग प्रत्येक वाहन मोटारीच्या मापात बदलायचे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990च्या शहरी मार्गदर्शिकेत मोटार म्हणजे 1. दुचाकी 0.5 ते 0.75, रिक्षा 1.2 ते 2 आणि बस 2.2 ते 3.7.

खरी मेख इथेच आहे. हे माप वाहनाने अडवलेली जागा सांगते, आतली माणसे नाही. चाळीस प्रवाशांची बस इथे फार तर चार मोटारींएवढी ठरते आणि पायी चालणारा तर या हिशेबात येतच नाही. म्हणून जाणता नियोजक माणसांची मोजणी वेगळी मागतो, आणि ती मागायलाच हवी. 2006च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही वाहनांआधी माणसांचा विचार करा, असे बजावले आहे. पुणे महापालिकेने 2016मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, ते याच दिशेने.

पदपथावर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी. नकाशावर ती सहज मिळते. जागेवर विजेचा डीपी बॉक्स, झाड, टपरी आणि लावलेल्या दुचाकी निघतात.

शिवाय पुण्यात यंत्रणाही वेगवेगळ्या: बस पीएमपीएमएलची, मेट्रो महामेट्रोची, नियमन वाहतूक पोलिसांचे. एक बसथांबा वीस मीटर सरकवायचा, तरी पत्रव्यवहार आणि संयुक्त पाहणी आलीच.