शेडची सावली

रंगाच्या दुकानात मी म्हणत होते, "यातलीच जरा फिकट शेड दाखवा." तेवढ्यात मालकांनी मुलाला हाक मारून सांगितलं, "उरलेले डबे मागच्या शेडमध्ये टाक." एक शेड रंगाची, दुसरी पत्र्याची. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग निराळं, उच्चारही निराळा. पण व्युत्पत्ती पाहिली, आणि दुकानातल्या त्या दोन वाक्यांनी मला बरेच दिवस गुंतवून ठेवलं. रंगाची शेड म्हणजे मुळात सावलीचीच शेड, आणि पत्र्याची शेड हे तिचंच पंधराव्या शतकातलं बदललेलं रूप असावं, असं कोशकार मानतात. तिकडे वेगळे झालेले हे दोन शब्द मराठी जिभेवर पुन्हा एक झाले.

मूळ शब्द जुन्या इंग्रजीतला, साधारण 'शॅआदू' असा उच्चारला जाणारा. त्याच्या प्रथमेच्या रूपातून 'शेड' आला आणि इतर विभक्तींच्या रूपांतून 'शॅडो'. एकाच नामाची दोन रूपं पुढे स्वतंत्र शब्द होऊन नांदू लागली. कुरणासाठीच्या 'मीड' आणि 'मेडो' या जोडीचंही तसंच झालं. इंग्रजीने मग कामं वाटून दिली: बसायला मिळते ती शेड, वस्तूचा आकार घेऊन जमिनीवर पडते ती शॅडो. मराठीत दोन्ही सावलीच. हा फरक समजून घ्यायचा असेल तर शून्य सावलीचा दिवस पाहावा. मे महिन्यात महाराष्ट्रात गावोगावी वेगवेगळ्या तारखांना भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली नाहीशी होते. त्याच क्षणी वडाखाली मात्र गार सावली असतेच. शॅडो गेली, शेड राहिली.

उच्चार जवळचा वाटला तरी आपली 'छाया' या शेडची बहीण नाही. तिचं नातं ग्रीक 'स्किया'शी आणि फारसी 'साया'शी. खारीचं इंग्रजी नाव 'स्क्विरल' याच स्कियावरून आलं, असं परंपरेने सांगतात: स्वतःच्या शेपटीच्या सावलीत बसणारी. मला ही व्युत्पत्ती फार आवडते. शेडची नाळ मात्र ग्रीक 'स्कोटोस'शी जुळते, आणि त्याचा अर्थ काळोख. लॅटिन 'उम्ब्रा' हे आणखी वेगळं घराणं, 'अम्ब्रेला' तिथली. इंग्रजांची छत्री नावाने सावली देणारी, पावसात वापरली तरी. आपली छत्री 'छद्' म्हणजे झाकणे या धातूची.

काळोखाचा तो अंश शेडला पुढेही चिकटून राहिला. मेलेल्या माणसाचा आत्मा म्हणजे शेड. 'शेडी' माणूस म्हणजे ज्याच्यावर भरवसा ठेवू नये असा. उन्हाळा हवाहवासा वाटणाऱ्या देशात सावलीबद्दल असा संशय रुजला असावा, असं मला वाटतं. आपल्याकडे आईवडिलांची सावली, मायेची सावली म्हणतात. उन्हाने भाजलेल्या माणसांचीच ही भाषा. पण इथे थांबणं अप्रामाणिकपणाचं होईल. याच भूमीत माणसाच्या सावलीचा विटाळ मानला गेला. पेशवाईत सवर्ण माणूस समोरून येत असेल तर त्याच्यावर सावली पडू नये म्हणून अस्पृश्यांना सार्वजनिक रस्त्यावर मज्जाव होता, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये नोंदवलं आहे. 'सावली' शब्दाचा आढावा घेताना ही नोंद गाळता येत नाही.

शेडचा आजचा ताजा अर्थही समाजाने बाहेर ठेवलेल्या माणसांनीच घडवला. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी व पारलिंगी मंडळींच्या 'बॉल' नावाच्या नृत्य-सौंदर्य स्पर्धा भरत. तिथे 'शेड टाकणे' म्हणजे उघड शिवी न देता समोरच्याचं उणं दाखवणं. 1990 सालच्या 'पॅरिस इज बर्निंग' या माहितीपटात बॉलमधल्याच एक कलाकार डोरियन कोरी आरशासमोर बसून हे समजावून सांगतात: तू कुरूप आहेस हे मी तुला सांगतच नाही, कारण ते तुला माहीत आहे, हीच शेड. 2017 साली हा वाक्प्रचार मेरियम-वेबस्टरच्या कोशात गेला. आज पुण्या-मुंबईतली कॉलेजची मुलंही "त्याने काय शेड टाकली!" म्हणतात. मराठी शेडला तिसरा अर्थ मिळाला, आणि शब्द तोच राहिला.