फवारणी नको, वाणच कणखर हवे

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला भुरी नवी नाही. पानांवर, घडांवर पिठासारखा पांढरा थर दिसू लागला की फवारणीची घाई सुरू होते. भांगेच्या झाडावरही अशीच भुरी पडते. फक्त तिची बुरशी वेगळ्या जातीची असते. कॅनडा आणि अमेरिकेत औषधी वापरासाठी बंदिस्त जागेत वाढवलेल्या भांगेवर हा रोग नेहमी आढळतो. मात्र तिथे फवारणीचा मार्ग रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

याचे कारण वापराच्या पद्धतीत आहे. द्राक्ष धुऊन खातात. भांगेचा फुलोरा अनेकजण जाळून ओढतात. भुरीसाठी द्राक्षावर वापरले जाणारे मायक्लोब्युटानिल हे बुरशीनाशक जळले की हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निर्माण होतो. 2016-17 मध्ये कॅनडात परवानाधारक उत्पादकांच्या मालात या रसायनाचे अंश सापडले आणि माल परत मागवावा लागला. फवारणी टाळली तरी प्रश्न सुटत नाही. फुलोऱ्यावर वाढणाऱ्या अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू श्वासातून गेले, तर केमोथेरपीमुळे प्रतिकारशक्ती घटलेल्या रुग्णाला फुप्फुसाचा गंभीर संसर्ग होऊ शकतो.

म्हणून रोगाला दाद न देणारे वाण तयार करण्याकडे संशोधक वळले आहेत. गहू-भातात हे काम शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. भांगेवर बंदी असल्याने ते इथे रखडले. चोरून लागवड करणाऱ्यांनी नशा आणि वास पाहून झाडे निवडली, रोग पाहून नव्हे. शिवाय फुलोऱ्यासाठी मादी झाडेच हवी असल्याने एकाच झाडाच्या छाट कलमांवर अख्खी लागवड उभी राहते. एक झाड रोगाला बळी पडणारे असेल, तर सगळीच तशी.

2021 मध्ये अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील संशोधकांनी भुरीला रोखणारे एक प्रभावी जनुक नोंदवले. त्याला ‘पीएम1’ असे नाव दिले गेले. ते आई-बापांपैकी एकाकडून मिळाले तरी पुरते. त्यामुळे संकरातून आलेले रोप लहान असतानाच पानाच्या तुकड्यातील डीएनए तपासून निवड करता येते. रोग पडण्याची वाट पाहावी लागत नाही.

मात्र एकाच जनुकावर विसंबणे धोक्याचे असते. बुरशी बदलते आणि ही तटबंदी ओलांडू शकते, हा गव्हाच्या तांबेऱ्याचा जुना धडा आहे. शिवाय भुरीचे जनुक इतर रोगांवर चालत नाही. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातील भांगेत आढळलेला हॉप लेटंट व्हायरॉइड छाटणीच्या कात्रीवरून पसरतो. त्यासाठी निरोगी मातृवृक्ष आणि स्वच्छ हत्यारे हाच सध्याचा उपाय आहे.

अनेक जनुकांची साथ हवी असेल, तर विविधता जपावी लागेल. हिमालयाच्या पायथ्याशी रानोमाळ उगवणारी भांग आज तण म्हणून उपटली जाते. उद्याच्या वाणासाठी लागणारे एखादे जनुक कदाचित तिच्यातही असेल.