चकली तुटायच्या आत कळलं पाहिजे!

दिवाळीत सोऱ्या फिरवायचं काम कधी तुमच्या गळ्यात पडलंय? मग पहिली चकली तुटली की आई काय करते, ते तुम्हाला ठाऊक असेल. सगळा घाणा तळून होईपर्यंत ती थांबत नाही. लगेच पिठात पाण्याचा हात लावते. औषधांच्या कारखान्यात नेमकं हेच करायला फार उशीर झाला, असं म्हटलं तर रागावू नका.

हॉट मेल्ट एक्स्ट्रूजन हे नाव जड आहे, पण यंत्र आपल्या ओळखीतलं. तापलेल्या नळीत दोन स्क्रू शेजारी शेजारी फिरतात. एका टोकाला औषध आणि पॉलिमरची पावडर पडत राहते, दुसऱ्या टोकाच्या डायमधून वितळलेली दोरी बाहेर येते. ती गार करायची, दळायची आणि गोळ्या पाडायच्या. कुरकुरीत स्नॅक्सही अशाच यंत्रातून निघतात!

एवढा खटाटोप का? कारण बरीच औषधं पाण्यात धड विरघळतच नाहीत. त्यांचे स्फटिक मोडून रेणू पॉलिमरमध्ये अडकवून ठेवले, तर पोटात ती जास्त विरघळतात. स्फटिकांचा दणका काय असतो, हे एचआयव्हीवरच्या रिटोनावीरने दाखवलं. १९९८ मध्ये त्याच्या कॅप्सूलमध्ये अचानक वेगळ्याच रूपाचे, कमी विरघळणारे स्फटिक दिसू लागले आणि कॅप्सूल बाजारातून काढावी लागली. रुग्णांवर कडवट द्रवरूप औषध घ्यायची वेळ आली. पुढे २००५ मध्ये लोपिनावीर-रिटोनावीरची गोळी मेल्ट एक्स्ट्रूजनने बनवून आली. तिला फ्रिज लागत नाही. जिथे ऊन आहे आणि वीज नाही, तिथे याचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको.

आता खरा पेच. जुन्या पद्धतीत बॅच तयार करायची, नमुना लॅबमध्ये पाठवायचा आणि एचपीएलसीच्या रिपोर्टची वाट बघायची. इथे तर दोरी थांबतच नाही. रिपोर्ट येईपर्यंत किलोच्या किलो माल पुढे गेलेला असतो.

म्हणून डायपाशीच प्रोब बसवतात. निअर इन्फ्रारेड प्रकाश वितळलेल्या मालावर टाकायचा आणि परत आलेल्या प्रकाशावरून औषध किती टक्के आहे, हे काही सेकंदांत काढायचं. रामन प्रोब स्फटिक उरलेत का ते सांगतो, कारण स्फटिकाची शिखरं टोकदार असतात, विस्कटलेल्या रेणूंची पसरट. स्क्रूवरचा टॉर्क आणि डायवरचा दाबही बोलतात, फक्त ऐकणारा हवा.

मला सगळ्यात भारी वाटते ती रंगाची चाचणी. पावडरीत चिमूटभर रंग टाकायचा आणि घड्याळ लावून बसायचं. रंग एकदम येऊन एकदम जात नाही. आधी फिका, मग गडद, मग बराच वेळ रेंगाळत राहतो. माल आत किती वेळ राहतो आणि किती पसरतो, ते यातून कळतं. उद्या फीडर मिनिटभर अडखळला, तर दोरीचा कुठून कुठपर्यंतचा भाग बाजूला काढायचा, याचं गणित या रेंगाळण्यावर बेतलेलं असतं. चुकलात तर कमी डोसची गोळी कुणाच्या तरी हातात जाणार.

आणि हो, प्रोबवर आंधळा विश्वास नको. त्याच्या काचेवर माल चिकटून बसला तर तो तोच जुना थर वाचत राहतो आणि स्क्रीनवर आलेख मस्त सरळ! पॉलिमरचा नवा लॉट आला, तरी जुन्या नमुन्यांवर शिकलेलं मॉडेल फसू शकतं.

अमेरिकेच्या एफडीएने २००४ मध्येच चालू प्रक्रियेवर अशी नजर ठेवण्याची मार्गदर्शिका काढली. अखंड उत्पादनासाठी आयसीएच क्यू १३ मात्र २०२२ मध्ये आलं. हे काम एकट्या बी.फार्मवाल्यांचं नाही, इन्स्ट्रुमेंटेशन आणि स्टॅटिस्टिक्सवाल्यांनाही इथे जागा आहे.

पुढच्या इंडस्ट्रियल व्हिजिटला ग्रुप फोटो काढून झाला, की तिथल्या इंजिनीअरला एवढंच विचारा, ‘सर, प्रोबची काच मेणचटली तर तुम्हाला कसं कळतं?’