शेतातला नांगर, नदीतला नांगर
लेखमाला : होडी आणि नदी (लेखांक ५)

मागच्या लेखांकात वल्ही मारत होडी चढाला कशी न्यायची ते पाहिलं. आज तीच होडी वाहत्या पाण्यात एका जागी उभी करायची आहे, आणि तीही मासे असतील नेमकी तिथे.

कडेगावात नांगर काय असतो हे कुणाला शिकवावं लागत नाही. जमीन फोडणारा तो नांगर आणि होडी धरून ठेवणाराही नांगरच. शब्द एक आहे, आणि पुढे दिसेल की कामाची रीतही एकच आहे.

आधी खडक शोधू. आपल्या तालुक्यातून वाहणारी येरळा ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. दोन्ही नद्या काळ्या कातळाच्या मुलखातून येतात. पात्रात जिथे कातळाची कड वर येते, तिथे प्रवाह तिच्यावर आदळतो आणि तिच्या मागे पाणी संथ होतं. माशाला अशा आडोशात फार जोर न लावता उभं राहता येतं. वरून खाणं वाहत येतं आणि लपायला फटी मिळतात. वाम अशा फटींत शिरते.

येरळेचं पाणी उन्हाळ्यात ओसरतं. खडक शिकायची हीच वेळ. उघड्या पात्रातून चालत जा, कातळाच्या कडेवर उभे राहा आणि काठावरच्या खुणा धरा. एका अंगाला देवळाचा कळस आणि त्यामागचा लिंब एका रेषेत येतात. दुसऱ्या अंगाला मोटारीची खोली आणि विजेचा खांब एका रेषेत येतात. पाणी भरल्यावर या दोन्ही जोड्या एकाच वेळी जुळल्या, की खडक होडीखाली आहे. समुद्रावर जाणारे कोळीही किनाऱ्यावरच्या अशाच खुणांवर जागा ओळखतात.

कृष्णेचा तळ मात्र असा उघडा मिळत नाही. तिथे दोरीला शिशाचं वजन बांधा आणि दर हाताला एक गाठ मारा. खडकावर वजन ठोकर खातं आणि ती बोटांना कळते. गाळात ते गुपचूप रुततं. वजनाच्या बुडाला साबण चोपडला तर वाळूचे कण चिकटून वर येतात.

आता नांगर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवलेली किर्लोस्करवाडी आपल्या शेजारचीच. तिथले लोखंडी नांगर गावोगावी गेले. पुढे १९३३ साली जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने नांगराच्या फाळासारखा पाण्यातला नांगर तयार केला, आणि तो जगभरच्या होड्यांवर गेला. तत्त्व शेतातलंच. ओढ आडवी असली की फाळ जमिनीत शिरतो, ओढ वर गेली की फाळ उचलला जातो. म्हणून होडीची दोरी लांब हवी : पाणी १० हात खोल असेल, तर ५० ते ७० हात. नांगराजवळ दोन-तीन हात साखळी जोडली, तर ओढ आणखी आडवी राहते.

नांगर खडकावर टाकू नका. खडकाच्या बऱ्याच वर, वाळूत टाका. होडीचं तोंड चढाला ठेवा, नांगर हाताने सावकाश तळाला पोचवा आणि प्रवाहाबरोबर मागे सरकत दोरी सोडत जा. होडी कातळाच्या कडेवर आली की दोरी पुढच्या टोकाला बांधा. बाजूला किंवा मागच्या टोकाला कधीही बांधू नका. ओढ लागली की पाणी होडीत चढतं आणि ती क्षणात बुडते. आमिष आता आपसूक खडकामागच्या संथ पाण्यात जाईल.

तळाला वाळूच नसेल, तर विहिरीतली घागर काढायच्या गळासारखा चार आकड्यांचा नांगर घ्या. तो फटीत अडकतो, म्हणून दोरी त्याच्या आकड्यांकडच्या टोकाला बांधा आणि वरच्या कडीला नुसत्या सुतळीने जखडा. नांगर निघेना, तर होडी त्याच्या वर नेऊन ओढा. सुतळी तुटते, ओढ उलट बाजूने लागते आणि आकडा सुटतो. तरीही सुटला नाही, तर दोरी कापा. सुरी हाताशी हवीच.

भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत, तेव्हा हातपाय पाण्यात सोडू नका. बंधाऱ्याजवळ थांबू नका. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळला महापुरातून माणसं नेणारी होडी उलटली आणि कितीतरी जीव गेले. येरळा-कृष्णेच्या या संगमाची आठवण ठेवून प्रत्येकाने अंगात लाईफ जॅकेट घालावं आणि होडीत पेलतील तेवढीच माणसं घ्यावीत.

यंदा येरळा उघडी पडली की पोरांना घेऊन पात्रात उतरा, कातळाच्या कडेवर उभं करा आणि खुणा त्यांच्याकडून पाठ करून घ्या. पाणी आल्यावर त्यांना तळ दिसणार नाही, पण ठाऊक असेल.

पुढील लेखांकात : गळाला लावायचं आमिष.