बेस घुमतो, पण गाण्याचे बोल कळत नाहीत? आवाज वाढवण्याआधी क्रॉसओव्हर तपासा

जव्हार-मोखाडा : होळी सरली की जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या पाड्यापाड्यांवर लग्नसराई सुरू होते. हळदीच्या रात्री मंडपासमोर दोन-चार बेस, त्यावर टॉप, बाजूला अ‍ॅम्प्लिफायरचा रॅक आणि मागे जनरेटर, हे चित्र आता सगळीकडे दिसतं. तक्रारही सगळीकडे सारखीच असते. छातीत धडधडतं, घराचे पत्रे थरथरतात, पण बोल कळत नाहीत. वारली लग्नात धवलेरीच्या हाती माइक दिला, तर तिच्या गाण्याचे शब्द त्या घुमण्यात हरवून जातात. मग साउंडवाला आवाज अजून चढवतो आणि गोंधळ वाढतो.

बहुतेक वेळा आवाज कमी पडलेला नसतो, बेस आणि टॉप यांच्यातली कामाची वाटणी चुकलेली असते. ही वाटणी करणारं सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर. ते अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा पॉवर्ड स्पीकरमध्येच बसवलेलं असतं किंवा रॅकमध्ये वेगळं युनिट असतं. ते नीट लावलं तर आहे त्याच सामानातून, कमी आवाजात, जास्त स्वच्छ ऐकू येतं.

कोणी काय वाजवायचं?

माणसाच्या कानाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. ढोलाचा ठोका, किक आणि बेस गिटार यांचा जोर साधारण 40 ते 120 हर्ट्झमध्ये असतो. माणसाचा आवाज त्याच्या वर चालतो. पुरुषाचा आवाज ढोबळमानाने 100 हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, बाईचा 200 च्या आसपास. शब्द ओळखायला लागणारे स, त, क यांसारखे उच्चार तर 2,000 हर्ट्झच्या पुढे असतात.

खालचा आवाज काढायला स्पीकरच्या कोनला खूप पुढे-मागे हलावं लागतं. तेवढ्याच जोराने वारंवारता निम्मी करायची, म्हणजे 100 वरून 50 हर्ट्झवर जायचं, तर कोनला चौपट हालचाल लागते. टॉपमधला 10 किंवा 12 इंची स्पीकर ते करायला गेला की आवाज फाटतो आणि शेवटी कॉइल जाते. म्हणून क्रॉसओव्हर दोन कामं करतो. लो-पास फिल्टर बेसला फक्त खालचा आवाज देतो आणि हाय-पास फिल्टर टॉपकडे जाणारा खालचा आवाज अडवतो.

नेमकी चूक इथेच होते. बेसला लो-पास लावला जातो, पण टॉप ‘फुल’वरच राहतात. मग 60 ते 150 हर्ट्झचा पट्टा दोघेही वाजवतात आणि आवाज ढब्ब होतो. जोराचा खालचा आवाज कानात वरचा आवाज झाकून टाकतो, म्हणून शब्द बुडतात.

आकडा किती ठेवायचा?

मैदानातल्या सेटला 90 ते 120 हर्ट्झच्या दरम्यानचा आकडा बहुधा जमतो. घरातल्या दोन स्पीकर आणि एका सबवूफरसाठी 80 हर्ट्झपासून सुरुवात करावी. स्पीकर लहान असतील तर 100 ते 120 पर्यंत जावं. सुरुवातीला बेस आणि टॉप दोघांनाही एकच आकडा द्यावा. बेस 80 ला थांबला आणि टॉप 150 ला सुरू झाला, तर मधला भाग रिकामा राहून आवाज पोकळ वाटतो.

आकड्याइतकाच उतारही महत्त्वाचा. युनिटवर 24 डेसिबलचा लिंकविट्झ-रायली पर्याय असेल तर तो निवडावा. अमेरिकेतल्या हेवलेट-पॅकार्ड कंपनीतले इंजिनीअर सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांच्या नावाने हा फिल्टर ओळखला जातो. लिंकविट्झ यांनी तो 1976 मध्ये मांडला. यात जोडाच्या आकड्यावर बेस आणि टॉप दोघेही 6 डेसिबल खाली असतात. दोघांचा आवाज एकत्र आला की बेरीज बरोबर सपाट येते, फुगवटा राहत नाही.

बेसलाही खालून कुंपण लागतं. पेटी जिथवर वाजते त्याच्या खालचा आवाज दिला तर कोन नुसता हलतो, ऐकू काही येत नाही आणि वीज वाया जाते. पेटीवर कंपनीने खालचा आकडा दिलेला असतो, साधारण तिथेच बेसचा हाय-पास ठेवावा. छोट्या जनरेटरवर चालणाऱ्या सेटला याचा फायदा लगेच जाणवतो.

बेस एकत्र, मध्यभागी

दोन बेस मंडपाच्या दोन टोकांना ठेवायची पद्धत आहे. पण 100 हर्ट्झची लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते. ऐकणारा एका बेसपासून दुसऱ्यापेक्षा पावणेदोन मीटर जवळ उभा असेल, तर त्या वारंवारतेला दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. म्हणून मधोमध धमाका आणि दोन पावलं बाजूला गेलं की शुकशुकाट असं होतं. दोन्ही बेस एकमेकांना चिकटून मध्यभागी ठेवले तर बेस मैदानभर सारखा पोचतो आणि तेवढ्याच विजेत जास्त जोर मिळतो. टॉप मात्र दोन बाजूंनाच आणि लोकांच्या डोक्याच्या वर असावेत.

बेस टॉपच्या पुढे असेल तर त्याचा आवाज आधी पोचतो. आवाजाला एक मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात. बेस दोन मीटर पुढे असेल तर त्याला अंदाजे 6 मिलिसेकंद डिले द्यावा. मग मैदानात दहाएक मीटरवर उभं राहून क्रॉसओव्हरच्याच आकड्याचा टोन मोबाइलवरून वाजवावा आणि बेसची पोलॅरिटी उलटी करून पाहावी. ज्या बाजूला टोन भरीव आणि मोठा येतो, ती बाजू बरोबर.

माइक आणि तारपा बेसमध्ये नको

बोलण्याला बेस लागत नाही. मिक्सरवर प्रत्येक माइकचं लो-कट बटण दाबून ठेवावं. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांपासून बनणाऱ्या तारप्यालाही तेच लागू आहे. त्याचा आवाज टॉपमधूनच स्वच्छ येतो. मिक्सरला जादा ऑक्स आउटपुट असेल तर बेसला तिथूनच सिग्नल द्यावा आणि त्यात फक्त ढोल व गाण्याचा ट्रॅक सोडावा. मग माइकची घरघर बेसमध्ये जातच नाही.

मीटर काय सांगतो, शेजारी काय ऐकतो

ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद ठेवावा लागतो. सणासुदीला वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार 12 पर्यंत सूट देऊ शकतं. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयापासून 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं.

हे मोजमाप ‘डेसिबल ए’ मध्ये होतं आणि त्यात 50 हर्ट्झचा आवाज तब्बल 30 डेसिबल कमी धरला जातो. म्हणजे मीटरवरचा आकडा लहान दिसला तरी शेजारच्या घरात भांडी वाजत असतात. खालचा आवाज भिंतीत आणि हवेत फारसा मुरत नाही. त्यामुळे डोंगराळ भागात, थंड रात्री, समोरच्या पाड्यावरचा आजारी माणूस किंवा तान्हं बाळ गाणं नाही तर नुसता बेसच ऐकतं.

कार्यक्रमाआधी पंधरा मिनिटं

सगळ्यात आधी फक्त टॉप हाय-पास लावून वाजवावेत आणि माइकवर बोलून शब्द कळतात का ते मागच्या रांगेत जाऊन ऐकावं. मग बेस शून्यावरून हळूहळू वर आणावा. ढोल भरलेला वाटला पण बेस कुठे ठेवलाय ते वेगळं कळत नसेल, तिथे हात थांबवावा. अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा सतत लागत असेल तर आवाज उतरवावा, कारण क्लिप झालेला सिग्नलच टॉपचं हॉर्न जाळतो. शेवटी धवलेरीला किंवा निवेदकाला माइक देऊन, बेस चालू ठेवूनच, पुन्हा एकदा मागे जाऊन ऐकावं. शब्द आताही कळत असतील तर सेट जमला. बुडत असतील तर आधी बेस खाली आणावा, माइक चढवू नये.